सात पाण्यांची नीळ

हाव आबा, चालली वीज. काल सकाळी तुमच्या नातीचा फोन आला नांदेडहून, तिच्या प्रयोगशाळेतून. मी फोडणी घालून राहिले होते, ती जळाली. जळू द्या. काचेवर रंगाचा पातळ थर बसवायचा आन् त्यातून वीज खेळवायची, हे तिचं संशोधन. तांबं न्हाई, लोखंड न्हाई, रंग. आपल्या लोहा गावात, कापडं रंगवायच्या तुमच्या रांजणात नीळ असायची ना, तिच्याच जातीचा. हुकूम दिला की वीज जाऊ देतो, न्हाई तर अडवून धरतो, म्हणली. मी म्हणलं, मग तुझ्या बापापेक्षा बराय. त्यांना हुकूम दिला तरी बाजेवरून हलत नव्हते. देवाघरी गेले बिचारे, पण पोरगी खदखदून हसली.

लई दिवसांनी हसली, आबा. चार महिने थर बसायचा, वीज काही जायची न्हाई. सरांनी सांगून टाकलं होतं, दिवाळीपर्यंत जमलं न्हाई तर विषय सोड. घरी आली की ताटावर नुसती बसून राहायची. एकदा मी विचारलं, "खोट कशात हाय गं?"

"रंगातच. भुकटीत दुसरं काही कणभर असलं तरी वीज अडती."

"मग धू की. तुझे आजोबा नीळ सात पाण्यांनी धुवायचे. वरचं पाणी ओतून द्यायचे, तळाला बसली तेवढीच ठेवायचे."

"आई, हितं पाणी न्हाई चालत. तापवून वाफ करायची, थंड जागी परत जमवायची. केलंय मी एकदा."

"एकदाच? आबांनी कानफटात दिली असती."

रुसून गेली नांदेडला. पण पुन्हा केलं तिनं, आन् पुन्हा. पाचव्या खेपेला चाललं. आता विषय सोडायचा न्हाई. काल मी दोन घास जास्तीच जेवले.

पण ते कणभराचं ऐकल्यापासून मला तुमची रंगाची खोली दिसून राहिली. मी नऊ वर्षांची हाय. तुम्ही रांजणाचं झाकण काढता, बोट बुडवून जिभेला लावता, तोंड वाकडं करता. "आंबली. मेली नीळ." मग मायकडं बघता. बाईची सावली पडली की नीळ मरते, असं तुम्ही मानायचे. मायला विचारलंही न्हाई. त्या दिवसापासून ती जाईपर्यंत त्या खोलीच्या आत आली न्हाई. तुमचा चहा उंबऱ्याबाहेरूनच सरकवायची. आन् मी दाराआड उभी, मार चुकला म्हणून खुशीत.

हा कागद पिठाच्या डब्याखाली ठेवणार हाय, नातीलाही दाखवणार न्हाई. मायची सावली नव्हती, आबा. गाडगंभर चिंचेचं पाणी होतं. निळ्याचा तांबडा होतो का बघायला मीच ओतलं होतं.