गरम भाकरीचं ताट

बोरी अरब,
१३ डिसेंबर २००५

प्रिय शाल्मली,

नमस्कार. काकांची तब्येत बरी असेल, घरात लग्नाची गडबड असेल. इकडे दुसरी वेचणी सुरू आहे. कापसाला भाव नाही, त्यामुळे गावात कोणी कोणाशी धड बोलत नाही. आई बरी आहे. माझं काय, कॉलेज सोडल्यापासून उन्हानं काळा पडलो.

तुझी चिठ्ठी मिळाली. ‘अनिमेषला शेत बघायचंय. त्याला भाकरीवर वाढून जेवू घाल, तुझ्याइतकं ते कोणाला जमत नाही.’ हे हसत लिहिलंस का गं? होणाऱ्या नवऱ्याला जेवू घालायला तुला मीच सापडलो!

जमतं खरं. कॉलेजच्या प्रदर्शनात तूच मला धोतर नेसवून उभं केलं होतंस. तळहातावर भाकर, भाकरीवर झुणका. बाजूला तू माईकवर सांगत होतीस, की युरोपात पूर्वी शिळ्या पावाच्या जाड कापावर जेवण वाढत, मग रश्श्यात भिजलेला तो पाव गरिबांना नाहीतर कुत्र्यांना जाई. आपल्या वर्गातला सलील खालून ओरडला, "मग हा ताटही खाणार का?"

मी म्हटलं, "आमचं ताट आम्हीच खातो. कुत्र्यापर्यंत पोचत नाही."

सगळे हसले. तूही हसलीस. मग मी सलीलचा दात पाडला, तो सगळ्यांनी पाहिला. राग कोणावर होता, ते कोणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी कॉलेजात गेलो नाही.

असो. अनिमेष रविवारी आला. माणूस चांगला निघाला, याचाच जास्त राग आला. आईच्या पाया पडला, शेताच्या धुऱ्यावर, आईनं मांडलेल्या चुलीजवळ, मांडी घालून बसला. म्हणाला, "शाल्मली तुमच्याबद्दल नेहमी बोलते."

"काय बोलते?"

"तुम्ही फार विनोदी आहात म्हणते."

विनोदी.

एक गोष्ट तू माईकवर सांगितली नाहीस, कारण तुला ती माहीतच नव्हती. हातावरच्या ताटाला सकाळची थंड, कडक भाकर लागते. तव्यावरची मऊ असते, पातळ बेसन, म्हणजे पिठलं, पडलं की मधोमध फाटते. टोपल्यात थंड भाकरी होत्या. मी तव्यावरची घेतली. बेसन चुलीवर खदखदत होतं.

"दोन्ही हात जुळवून धरा. काही झालं तरी हलवू नका, अन्न सांडते," मी म्हटलं आणि भरपूर वाढलं.

भाकर फाटली. त्यानं हात हलवला नाही, शाल्मली. मी सांगितलं होतं म्हणून.

आईनं धावत येऊन त्याच्या भाजलेल्या हातांवर पाणी ओतलं, तेव्हाही तोच माफी मागत होता. "मलाच धरता आलं नाही. अन्न वाया गेलं."

आई माझ्याकडे वळली. "टोपल्यात थंड्या भाकरी होत्या ना रे. गरम काहून देल्ली?"

"पाव्हण्याले शिळं कसं देऊ?"

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

पुढच्या आठवड्यात कन्यादानाला तुझा हात त्याच्या हातावर ठेवतील. त्याला दुखेल, पण तो दाखवणार नाही. तुलाही तो सांगेल, चूक माझीच. तेव्हा त्याला खरं सांग, नाहीतर गप्प राहा आणि माझ्यासारखीच हो. तुझी मर्जी. मी लग्नाला येणार नाही.

खाली ‘तुझा’ लिहितो आहे. खोडणार नाही.

तुझा,
घनश्याम