कॅमेऱ्याचं कोळपं

नशिराबाद,
२४ ऑगस्ट

रेहानभाई,

अस्सलामु अलैकुम. इथे सगळे बरे आहेत. अम्मीचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितेय. आता मध्येच तोडून दाखव!

शुक्रवारी तू सुरतहून गिऱ्हाईक घेऊन आपलं वर्कशॉप दाखवायला येणार, असं अब्बा म्हणाले. त्याचं शेवटी लिहिते. आधी माझ्या कोळप्याचं ऐक.

तू ज्याला 'मिसबाहचं खेळणं' म्हणतोस, तेच. बॅटरीवर चालतं, कॅमेऱ्यानं कपाशी ओळखतं आणि बाकी सगळं तण समजून उपटतं. जुलैत ते भडगावला उखर्डूआबांच्या शेतात सोडलं. अब्बांनी वर्कशॉपात घडवलेल्या पेरणीच्या तिफणी वर्षानुवर्षं वापरलेला माणूस, लगेच हो म्हणाला. यंत्र इतकं झकास चाललं, की आम्ही बांधावर चहा घेत बसलो. तेवढ्यात आबांच्या बायकोची, सुनंदाबाईंची, आरोळी आली, "वं पोरी! तुनं यंत्र बठ्ठी अंबाडी उपटी गयं! आते काय कापूस खासूत का?"

कपाशीत घरच्या खाण्याची ओळ असतेच, अंबाडी, चवळी, उडीद. लहानपणापासून बघत आले, आणि यंत्राला शिकवताना फोटो दाखवले ते नुसत्या कपाशीचे. त्या घराची भाजी मी उपटून टाकली होती. परतताना टेम्पोत मी रडत होते, तर यंत्राच्या वाकलेल्या चाकाकडे बोट दाखवून अब्बा म्हणाले, "रोना बाद में. पहले चाक सीधा कर."

मग अम्मीच्या फुटक्या घमेल्यांत अंबाडी, चवळी, उडीद, तूर, सगळं पेरलं. कोंब वर आल्यापासून रोज फोटो काढले. उन्हात, चिखलात, किडीनं खाल्लेल्या पानांचेसुद्धा. अम्मी म्हणाली, लग्नातही तुझे एवढे फोटो निघायचे नाहीत.

परवा पुन्हा भडगावला गेलो. सुनंदाबाईंनी अंबाडी परत पेरली होती. लुगडं खोचून त्या यंत्राच्या पुढे उलट्या पावलांनी चालत होत्या, जणू ते अंबाडीवर आलंच तर धरतील. यंत्र ओळ संपवून वळलं. तण गेलं, अंबाडी जागच्या जागी. मला हसू आवरेना. त्यांनी जुडी खुडून माझ्या हातात कोंबली, "ले, घर लई जा." आता शेजारच्या बायका विचारतात, आमची तूर ओळखेल का? ओळखेल.

आता शुक्रवारचं. वर्कशॉप विकायचं नाही. अब्बांना तुला तोंडावर सांगवत नाही, म्हणून मी सांगतेय. तू काळजीपोटीच हे ठरवलंस, मला कळतं. पण मला विचारलं नाहीस, याचा राग आहे, आणि थोडे दिवस राहील.

गिऱ्हाईक आणू नकोस, एकटा ये. अम्मी अंबाडीची भाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी करणार आहे.

वर्कशॉपचं कुलूप मी बदललंय. आलास की हाक मार, उघडते.

तुझी,
मिसबाह