आयर्लंडवर चालून यायला नकार देणारे तिघे

बाई, तुम्हाला जाऊन आता बावीस वर्षं होतील. मी सध्या आयर्लंडमध्ये नास नावाच्या गावात राहते, औषधांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. लॉकडाऊनमुळे घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी आहे, म्हणून सुट्टीच्या दिवशी दुपारी शेजारच्या आजोबांबरोबर, मध्ये अंतर ठेवून, चालायला जाते. काल ते मला शेताच्या कडेला एका पडक्या चर्चपाशी घेऊन गेले. छप्पर नाही, एकच भिंत उभी. सतराव्या शतकात आपल्याच राजाचं डोकं उडवून जो इंग्लिश सेनापती पुढे इकडे चालून आला, त्याचं नाव ते तोंडातून काढत नाहीत. "हे 'युअर मॅन'च्या फौजेने जाळलं," म्हणजे 'त्या माणसाच्या', एवढंच म्हणाले, तेही थुंकल्यासारखं.

आणि मला नववीचा वर्ग दिसला. नागपूरचं ऊन, पंखा बंद, तुम्ही पुस्तक मिटून टेबलावर ठेवता. इंग्लंडचा राजा आणि संसद यांची लढाई एका तासात संपवता आणि मग तीन तास सांगत राहता ते पुस्तकात नसलेलं: विणकर, चांभार, साधे शिपाई बायबल स्वतः वाचायला लागले, आणि वाचता वाचता विचारायला लागले, देवासमोर सगळे सारखे तर मग राजा कोण, जमीनदार तरी कोण? सेनापतींच्या समोर बसून शिपायांनी मताचा हक्क मागितला. मी हात वर केला. "बाई, हे परीक्षेला येणार आहे का?" तुम्ही माझ्याकडे नुसतं बघितलंत. "नाही. म्हणूनच सांगतेय. खाली बस."

काल तेच आजोबांना सांगितलं. म्हटलं, "त्याच फौजेतल्या काही शिपायांनी इकडे यायला नकार दिला होता. सगळ्यांची कारणं थोर नव्हती. पण काहींनी विचारलं, आपण स्वतःसाठी स्वातंत्र्य मागतो, मग दुसऱ्यांचा देश कुठल्या तोंडाने घ्यायचा? बंड मोडलं. तिघांना तिकडे इंग्लंडमध्येच एका चर्चच्या भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या."

आजोबा ऐंशी वर्षांचे. ते उभ्या भिंतीपाशी गेले. मग म्हणाले, "आमच्यासाठी?"

"थोडंफार."

"मला आयुष्यात हे कुणी सांगितलं नाही. तुला कुणी सांगितलं?"

"नागपूरच्या माझ्या बाईंनी."

त्यांनी टोपी काढली. ज्या फौजेला त्यांच्या कित्येक पिढ्यांनी शिव्या दिल्या, तिच्यातल्या तिघांसाठी हा माणूस ओल्या गवतात डोळे मिटून प्रार्थना करत उभा राहिला. तुमचा आवाज किती लांब पोचला, बाई!

प्रार्थनेआधी त्यांनी तिघांची नावं विचारली होती. "विसरले," मी म्हणाले. घरी येऊन फोनवर दोन मिनिटांत सापडली, ती कागदावर लिहून त्यांच्या दारातून आत सरकवली. पण विसरले हे खोटं होतं. तुम्ही ती नावं फळ्यावर लिहीत होतात, तेव्हा मी बाकाखाली वही धरून गणितं सोडवत होते.