माझ्या दंडातलं ताजं रक्त

माय, तू जाऊन आता किती वर्षं झाली, पण तुझ्याशी भांडायचं राहिलं ते राहिलंच. परवा शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आपल्या धाकटीची दाढ काढली. काळजी करू नकोस, ती बरी आहे. केस पिकले तिचे, तरी साध्या दाढेसाठी अख्खं घर गोळा होतं. तिच्याजवळ बसले होते, आणि सगळं पुन्हा वर आलं.

आपलं जिंतूरकडचं घर दिसतं. तव्यावर भाकरी करपतेय आणि तू धाकटीला मांडीत घेऊन तिचं नाक चिमटीत धरून बसली आहेस. दुसऱ्या हातात रक्त थांबवायची तुरटी. दादा मेंढरांमागे रानात. भाकरी मी उलटते, बोट भाजतं, मी ओरडते. तू मान न वळवता म्हणतेस, "हिचं नाक बघू का तुझं बोट? तुझं आपोआप बरं व्हतंय." खरंच होतं ते. माझं सगळं आपोआपच बरं व्हायचं. गुडघा फुटला की माती लावायची, झालं. तिला काटा लागला तर तू मेंढरं सोडून पळत यायचीस. तिचं नाक टोचलं नाहीस, कान टोचले नाहीस, गोंदणारीण गावात आली की तिला आत कोंडायचीस. माझे मात्र दोन्ही हात गोंदून घेतलेस. मी रडायला लागले तर गोंदणारणीला म्हणालीस, "तुमी गोंदा, हिला काय व्हत न्हाई." मला दुखत नाही हे तुला कुणी सांगितलं होतं, माय?

मी शहाणी झाले तेव्हा शेरडांच्या खोपीत गोणपाटावर बसवलंस. ताट लांबून सरकवायचीस. अंगावरून वारं गेलं तरी तुला विटाळ व्हायचा. पुढं धाकटीची पाळी आली, तीही त्याच गोणपाटावर बसली. कोपऱ्यात बसलेल्या बाईला कुणी शिवत नाही, तिच्याकडं कुणी बघत नाही, तिच्या फडक्यांचं कुणी विचारत नाही. आपली चूक झाली ती तिथंच. गावातल्या बायका म्हणाल्या, पहिलं हाय, जास्तच जातंय, न्हाऊ घातलं की थांबंल. आपण न्हाणाची वाट बघत बसलो. मग एका सकाळी तिला उठताच येईना. ओठ पांढरे फटक पडलेले. तू विटाळ, देव, माणसं काही न बघता तिला उचलून पोटाशी धरलंस, तुझं लुगडं रक्तानं भिजलं. मी दारात उभी होते. पोरगी मरायला लागली होती आणि माझ्या मनात काय, तर मला नाही कधी असं धरलंस.

बैलगाडीनं जिंतूर, तिथून मोटारीनं परभणी. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, पण सरकारी दवाखान्यातला डॉक्टर अजून हैदराबादी बोलायचा. त्यानं तिच्या कानाच्या पाळीला सुई टोचली आणि कागदानं रक्त टिपत राहिला. मग माझ्या पाळीला टोचली. माझं लगेच थांबलं, तिचं कागदामागून कागद भिजवत राहिलं. तू माझ्या कानाकडं असं बघितलंस, जणू आधी जन्माला येऊन तिच्या वाटणीचंही मीच घेऊन टाकलं होतं. डॉक्टर म्हणाला, "खून ताजा होना, अम्मा. किसका देते?" तू पदर सावरून दंड पुढं केलास. तुझं जुळलं नाही. माझं जुळलं.

माझ्या दंडातून बाटलीत गेलेलं रक्त तसंच गरम गरम तिला चढवलं. संध्याकाळपर्यंत तिचं जाणं कमी झालं. तू कुठून तरी लोटाभर दूध आणलंस, गूळ घातलेलं. माझ्याजवळ बसलीस, पाठीवर हात ठेवलास. "पी माय, पी. गुणाची बाय माझी." मी घोट घोट करत पीत होते. लोटा रिकामा झाल्यावर तू म्हणालीस, "उद्या आनखी लागंल म्हनायलाय डाक्टर."

तेव्हापासून तिच्या नाकातून रक्त आलं की माझ्या ताटात बकऱ्याचं काळीज पडायचं. ती बरी झाली की पुन्हा मिरची-भाकरी. स्थळं आली तर तू पिंगळीचं धरून बसलीस. सगळे म्हणाले, थोरलीवर लय जीव हाय, जवळच दिली. पिंगळीहून परभणीचा दवाखाना जवळ, हे मला न कळायला मी काय कुक्कुबाळ होते?

परवाच्या डॉक्टरीणबाई गोड आहेत. त्यांनी समजावलं, रक्तात बारीक कण असतात, जखम झाली की ते एकमेकांना धरून बसतात. धाकटीचे कण भरपूर, पण त्यांना एकमेकांना धरताच येत नाही, जन्मापासूनच. तुरटीनं ते व्हायचं नव्हतं, आणि तिचा-माझा कुणाचा दोषही नव्हता. मी सवयीनं बाही वर सारली. बाई हसल्या. "आजी, तुमचं वय झालं. आणि आता नुसते कणच देतो आम्ही, कुणा दुसऱ्याचे." पिवळसर पाण्याची पिशवी टांगली. कुणाची होती देव जाणे. धाकटीचं रक्त थांबलं, तिनं माझा हात धरून डोळे मिटले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण त्या पिशवीवर मी जळलेसुद्धा. पिवळ्या पाण्याच्या पिशवीवर, या वयात!

हे कागद मी धाकटीला दाखवणार नाही आणि तुझ्यापर्यंत तर टपाल जात नाही. घडी करून लुगड्यांच्या खाली ठेवून देते. एवढंच राहिलं सांगायचं: त्या दिवशी दंड लय दुखत होता, माय. सुई दोनदा चुकली होती. तू विचारलं नाहीस आणि मीही बोलले नाही, कारण मी कण्हले असते तर तू डॉक्टरला हाक मारायला उठली असतीस, आणि पाठीवरचा हात गेला असता.