अर्ध्यावर न सोडलेली माळ

प्रिय मास्तर,

सगळी गल्ली तुम्हाला मास्तर म्हणते म्हणून लग्नानंतर मीही म्हणायला लागले, तेव्हा सासूबाई चिडायच्या, की नवरा काय शाळा चालवतो का, कपडेच तर शिवतो. तीच हाक सतरा वर्षांच्या अबोल्यानंतर कागदावर मारते आहे. तुम्ही पुढच्या खोलीत मशीनला तेल घालताय. उद्या ऑपरेशन, आणि माणूस मशीनला तेल घालतोय! डॉक्टरांनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं, की गळ्यातल्या गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागेल, आवाज परत येणार नाही, आणि एवढं करूनही फार आशा धरू नका. तुम्ही मान डोलावलीत आणि त्यांच्या शर्टाची उसवलेली कॉलर बघत बसलात.

आपला अबोला एवढा जुना झाला की त्याचंही बस्तान बसलं. जेवण झाकून ठेवायचं, किल्ली खिळ्याला लावायची, काही सांगायचं असलं तर भिंतीशी बोलावं तसं बोलायचं. मात्र सात वाजले की तुम्ही ओठातल्या टाचण्या काढून डबीत टाकता, माळ घेता, आणि आपण दोघं बसतो. ‘नमो मरिये’ तुमचं, ‘पवित्र मरिये’ माझं. एका रोझरीत तुम्ही माझ्यापुढे पन्नासदा थांबता आणि मी पन्नासदा उत्तर देते. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटेल, काय गुण्यागोविंदाचा संसार आहे. कधी डुलकी लागून तुम्ही दहाचे अकरा मणी करता, तेही मला कळतं. कितीदा हसू आलं, दाबून टाकलं.

आता आपल्या लेकीचं, गुंडीचं बोलते. सहा वर्षांची होती. दुपारपासून खोकत होती, आणि सातला आपण तिला मांडीशी घेऊन बसलो. माळेचं तिसरं रहस्य चालू होतं, अजून निम्मे मणी बाकी होते. तुम्ही मध्येच थांबलात आणि म्हणालात, की पोरीचा श्वास बरोबर नाही, उठू या. मी डोळेसुद्धा उघडले नाहीत. म्हटलं, माळ अर्ध्यावर सोडू नका, तिच्यासाठीच तर म्हणतोय. तुम्ही ऐकलंत. माझं ऐकायची तुम्हाला सवयच होती. मग तुम्ही भराभर म्हणायला लागलात, शब्द गिळून, आणि मी मुद्दाम सावकाश उत्तर देत राहिले, कारण घाईत म्हटलेलं वर पोचत नाही असं मला आईने शिकवलं होतं. शेवटचं आमेन झालं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. दवाखान्यात म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवी होती.

आणि मातीच्या दिवशी वन्संनी विचारलं, एवढा उशीर कसा केलात, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, की मास्तरांनी माळ पुरी करायला लावली. तुम्ही दोन हातांच्या अंतरावर उभे होता. गळ्यातली टेप काढायचीही शुद्ध नव्हती तुम्हाला. माझ्याकडे पाहिलंत, आणि काहीच बोलला नाहीत. तेव्हा बोलला असतात तर बरं झालं असतं हो. वन्संनी त्या दिवसापासून सख्ख्या भावाच्या घरचं पाणी घेतलं नाही. लोक हळहळले ते माझ्यासाठी. मी रडत राहिले आणि तुमच्याशी बोलणं टाकलं. मग एकदा सांगितलेलं खोटं इतकं अंगवळणी पडलं की मलाच खरं वाटायला लागलं.

सहा वर्षांनी फादरांपुढे कन्फेशनमध्ये सगळं ओकले. त्यांनी क्षमा दिली, नवऱ्यापुढेही कबूल करा म्हणाले, आणि प्रायश्चित्त म्हणून एक रोझरी म्हणायला सांगितली. ती रोझरी मी त्याच संध्याकाळी म्हटली, तुमच्यासमोर बसून, पन्नासच्या पन्नास उत्तरं देऊन. तुमच्यापुढे काही कबूल केलं नाही.

गेल्या महिन्यापासून तुमचा घोगरा आवाजही तुटायला लागलाय. मधलेच शब्द हरवतात, मी ओठ बघून उत्तर देते. काल पाचव्या रहस्यात तुम्ही माळ खाली ठेवलीत आणि पाणी मागितलंत, माझ्याकडे, नजर वर करून. सतरा वर्षांत पहिल्यांदा. मी पाणी दिलं आणि आत निघून आले.

आता खरं ते लिहिते. हे पत्र मी आज देणार नाही. तुम्हाला शुद्ध येईल, नळ्या काढतील, तेव्हा उशाशी ठेवीन आणि बाहेर जाऊन बसेन. आज अजून तुमच्या गळ्यातून शब्द निघतो. तुम्ही मला शिव्या घातल्या असत्या तर खाली मान घालून ऐकल्या असत्या. पण मी तुम्हाला ओळखते. तुम्ही म्हणाल, जाऊ दे गं, तू घाबरून बोललीस, मला माहीतच होतं. ते मला ऐकवणार नाही, मास्तर. म्हणून तुमचा आवाज जाईपर्यंत मी थांबले.

तुमचीच,
गुंडीची आई