खाकी कव्हरातले उतारे

हर्सूल,
शुक्रवार

प्रिय माय,

संस्कृतीच्या पिशवीतून हे चिकटवलेलं पाकीट निघालं म्हणून तुझ्या काळजात धस्स झालं असेल. घाबरू नको. चिऊ ठणठणीत आहे, तुझ्या जावयाची, सुदर्शनची, नोकरी जागेवर आहे, अन् मी कशानंच मरत नाही हे तर तू लहानपणापासून म्हणत आलीस. रोज फोनवर बोलणाऱ्या लेकीला पत्राचं खूळ कुठून सुचलं, असं तुला वाटेल. सांगते, सगळं सांगते, पण मला माझ्या पद्धतीनं सांगू दे. आत्ता कंपनीत जेवणाची सुट्टी झालीय. बाकीच्या बायका कँटीनला गेल्यात अन् मी डबा न उघडताच लिहायला बसलेय.

मागच्या आठवड्यात तू फोनवर म्हणालीस, सुके, तू बहिणीचं कल्याण करायलीस, तुला देव काही कमी करणार नाय. तू किल्ल्याच्या रस्त्यावर पेरूच्या पाटीपाशी बसलेली होतीस, मागून सहलीच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. शेजारच्या पाटीवाल्या बाईलाही तू मोठ्या तोंडानं सांगितलंस की थोरली धाकटीचं इंग्रजी पक्कं करून घ्यायली. मी नुसतं हं हं केलं अन् फोन ठेवला. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. तू शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं. शिव्या मला पचतात.

दिवाळीत मी घरी आले तेव्हा संस्कृतीचा सहामाहीचा निकाल लागलेला होता. बाकी सगळ्यात पास, इंग्रजीत गचकलेली. बापू उगाच शेळ्यांच्या दाव्यांच्या गाठी सोडत-बांधत बसले होते. मीच पुढं झाले. म्हटलं, दहावीचं वर्ष आहे, हिला माझ्याकडं पाठवा, इंग्रजीचं मी बघते. तिच्या शाळेतल्या आकाश सरांनाही मीच फोन केला. ते म्हणाले, पोरगी हुशार आहे, फक्त उताऱ्याला घाबरते. कृतिपत्रिकेत न पाहिलेला उतारा आला की तिचे हातपाय गळतात, तेवढा सराव करून घ्या. तुम्हाला वाटलं, थोरली कर्तव्याला जागली. पण माय, त्याच आठवड्यात चिऊला सांभाळणाऱ्या मावशी जालन्याला लेकाकडं कायमच्या निघून गेल्या होत्या. सासूबाईंचे गुडघे तुला माहीतच आहेत. अन् इथं साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं की आता आणखी सुट्टी लागली तर घरीच बसा. तेव्हा बहिणीला आणण्यात माझा स्वार्थ होता, पण शिकवायचंही मनात होतं. दोन्ही खरं होतं. तिथपर्यंत मी फार वाईट नव्हते.

क्रांती चौकातून मी तिला नवं गाइड आणून दिलं. कंपनीची बस मला हर्सूल टी पॉइंटला सोडायची, मी घरी येऊन चहा टाकायची, अन् चिऊला मांडीवर घेऊन संस्कृती उतारा घेऊन बसायची. तिला मी आपली सगळ्यांची जुनी युक्ती शिकवली. आधी प्रश्न वाचायचा, प्रश्नातला ठळक शब्द धरायचा, तो उताऱ्यात हुडकायचा, अन् त्याच्या मागची-पुढची ओळ नीट वाचायची. युक्ती तिनं दोन-चार दिवसांत उचलली. पण तिचा जीव कशात अडकायचा सांगू? उतारा मधेच संपतो, त्यात. एका उताऱ्यात दीपस्तंभावरचा म्हातारा होता, वादळात दिवा विझतो अन् तिथंच उतारा संपतो, खाली प्रश्न सुरू. ही मला विचारायची, ताई, पुढं जहाज वाचलं का गं? मी म्हणायची, मला काय ठाऊक, मार्क तेवढ्यालाच आहेत. मग ती पुढचं स्वतःच रचायची अन् चिऊला सांगायची. म्हातारा अंगातला सदरा काढून पेटवतो, जहाजावरच्या माणसांना तो उजेड दिसतो. चिऊ डोळे फाडून ऐकायची. आमच्या घरात इतकं बोलणं कधीच झालं नव्हतं. मला लई बरं वाटायचं.

डिसेंबर सरता सरता तिनं एका संध्याकाळी गाइडातला शेवटचा उतारा सोडवला अन् सगळी उत्तरं बरोबर आली. सगळी. ती उठून स्वयंपाकघरात आली, माझे हात पिठाचे असतानाच मला मिठी मारली अन् म्हणाली, आता मी घरी जाते, शाळेत जादा तास सुरू झालेत, मैत्रिणी बोलवायल्यात. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. अन् मनात काय आलं? सोमवारी चिऊला कुणाकडं ठेवू. बहिणीचं इंग्रजी सुधारल्याचा आनंद मला पिठाचा हात धुवेपर्यंतसुद्धा पुरला नाही. कंपनीत त्याच महिन्यात स्टॉकची मोजणी होती. मी तिला म्हटलं, एवढ्यात हुरळून जाऊ नको, गाइडातलं सोपं असतं, बोर्डात असं येत नाही.

लग्नाआधी मी बँकेच्या परीक्षांची तयारी करत होते. ती पुस्तकं पलंगाच्या खणात पडून होती. दुसऱ्या दिवशी त्यातलं उताऱ्यांचं पुस्तक मी काढलं, वरचं नाव दिसू नये म्हणून त्याला खाकी कव्हर घातलं अन् तिच्या पुढ्यात ठेवलं. म्हटलं, हे येईल तेव्हा तू तयार झालीस. माय, ती पुस्तकं पदवी झालेल्या पोरांना रडवतात. चलनवाढ, न्यायालयाचे निवाडे, कुठल्या देशाच्या जंगलाचे कायदे. प्रश्नातला शब्द उताऱ्यात सापडतच नाही, कारण लेखकाला काय सुचवायचंय ते ओळखायचं असतं. तिनं पहिला उतारा वाचायला घेतला अन् तिसऱ्या ओळीला थांबली. एका शब्दाचा अर्थ मला विचारला. तो मलाही येत नव्हता. मी मोरीत जाऊन मोबाइलवर बघितला अन् बाहेर येऊन सांगितलं, एवढं पण येत नाही का तुला.

हे वाक्य मी एकदाच बोलले नाही. ती रोज एक उतारा सोडवायची अन् मी रोज तपासायची. निम्मी उत्तरं चुकायची, कधी निम्म्याहून जास्त. मी लाल पेनानं फुल्या मारायची अन् म्हणायची, बघ, अजून किती कच्ची आहेस, राहा अजून थोडे दिवस. ती मान हलवायची. एकदा सुदर्शननं पुस्तक उचलून चाळलं अन् मला विचारलं, हे दहावीच्या पोरांना असतं का गं? मी त्याच्या अंगावर खेकसले, तुला काय कळतं त्यातलं. त्यानं बिचाऱ्यानं पुस्तक परत खाली ठेवलं. आकाश सरांचा फोन आला की पूर्वपरीक्षा आहे, तिला पाठवून द्या, तर मी सांगितलं की तिला ताप आहे. तिला सांगितलं की ती परीक्षा काही गरजेची नसते, इथंच सोडव. तुलाही फोनवर तापाचंच सांगितलं अन् तू त्यावर काढा सांगत बसलीस. एक खोटं झाकायला मी किती जणांना खोटं बोलले, त्याला गणती नाही.

चिऊ मात्र मजेत होती. अंगावर बाळसं आलं, नवीन शब्द बोलायला लागली. संध्याकाळी घर लख्ख, भाकरी थापलेल्या. फक्त गोष्टी बंद झाल्या. चलनवाढीची पुढची गोष्ट रचणार तरी काय. चिऊ तिच्या मांडीवर पुस्तक आणून आपटायची, तर ही म्हणायची, नाय बाई, मला नाय येत गोष्टी. तेव्हाही मला कळायला पाहिजे होतं. कळलंही होतं. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

मागच्या रविवारी सरांनी फोन केला की हॉलतिकिटं आलीत, सोमवारी पाठवा. मी तिला आवाज दिला. ती गॅलरीत चिऊचे कपडे वाळत घालत होती. तिनं हातातलं झबलं झटकून दोरीवर टाकलं, चिमटा लावला अन् माझ्याकडं न बघताच म्हणाली, "ताई, हॉलतिकीट नको आणायला. मी यंदा बसत नाय. मला तेवढं डोकं नाय, आता कळलं मला. मी तुझ्याकडंच राहते, चिऊला सांभाळते. ते जमतं मला."

माय, आता जे लिहिते ते लिहायला हात धजत नाही. ऐकल्याबरोबर मला आधी हायसं वाटलं. चला, चिऊचा प्रश्न मिटला. क्षणभरच, पण वाटलं. मग मी तिचा चेहरा बघितला. ती रडत नव्हती, रुसलीही नव्हती. तिनं ते मान्य करून टाकलं होतं. ज्या पोरीनं शेळ्या राखताना पाढे पाठ केले, जिला तू पेरूच्या पाटीवर कधी बसू दिलं नाहीस, ती माझ्या घरात येऊन स्वतःला ढ समजायला लागली, अन् तिला तसं समजावलं मी. मी आत जाऊन नुसती पोळपाटापाशी उभी राहिले.

तेव्हापासून रोज ठरवते की आज सांगायचं. तिची वेणी घालताना तोंड उघडलं अन् तेल कमी झालं का म्हणून विचारलं. जेवताना तिनं स्वतःच्या ताटातली बोरं मला वाढली अन् मी ती खात बसले. काल साहेबांना सांगून आलेय की सोमवारपासून मी येत नाही, काढायचं तर काढून टाका. चिऊचं काय करायचं ते माझं मी बघेन, ती माझी लेक आहे. उद्या सकाळी सुदर्शन संस्कृतीला दौलताबादला आणून सोडेल. तिला एवढंच सांगितलंय की मायला भेटून ये.

अन् माय, आता पत्र कशाला ते सांगते. तुला अक्षर कळत नाही, बापूंना सहीपुरतंच येतं. तू पाकीट उघडून कुणाच्या हातात देणार ते मला पक्कं माहीत आहे. तोंडानं सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून हे सगळं मी तिच्याच तोंडून तुला ऐकवतेय. संसू, तूच वाचतेयस ना हे? मधे तुझा आवाज बसला असेल, माय पुढं वाच म्हणाली असेल. वाच. ते उतारे दहावीचे नव्हते. बँकेच्या परीक्षेचे होते, त्या परीक्षेत मी दर वेळी नापास झाले, अन् तुझी जी निम्मी उत्तरं बरोबर यायची तेवढी माझी कधीच आली नाहीत. तू ढ नाहीस, मी तुला ढ केलं. तुझं हॉलतिकीट आकाश सरांकडं आहे, अन् ताप खोटा होता हेही मी त्यांना सांगितलंय. माझ्याशी बोलू नको, माझ्या घरी येऊ नको, जन्मभर राग धर, पण पेपरला बस. एवढं वाचून झालं की शेवटची ओळ मायला मोठ्यानं वाचून दाखव, लाजू नको: माय, माझ्या हातातलं पत्र काढून घे आणि मला जवळ घे.

तुझीच,
सुकेशनी