पोर्तुगीज होण्याआधी

आई,

लग्नाला जातो म्हणालो, पण निघालोय पणजीच्या पोर्तुगीज वकिलातीत. तू त्यांच्या राज्यात मडगावला जन्मलीस, म्हणून तुझ्या नातवाला तिकडचं नागरिकत्व मिळू शकतं. त्यासाठी आधी तुला पोर्तुगीज व्हावं लागेल. परदेशी पळणाऱ्यांवरचे माझे विनोदी लेख कृपया आज वाचू नकोस.

वकिलातीतल्या साहेबांनी आजोबांच्या गोव्यातल्या वास्तव्याचा पुरावा मागितला. घरात एकच सापडला: पोर्तुगीजांना हाकलायला निघाले म्हणून त्यांनी आजोबांना तुरुंगात टाकलं, तो दाखला. मी तोच पाठवला. साहेबांनी आभार मानले.

तुझी संमती विचारायला फोन येईल. खुशाल नाही म्हण. समोर बसून विचारायला मला तोंड नव्हतं.

आमटी गरम करून घे. आजोबांच्या फोटोपुढे उदबत्ती तूच लाव. मी आज त्या खोलीत गेलो नाही.

इंद्रजीत